ॲम्पचा क्लास निवडायला बसले आणि हातात मल्टिमीटर आला

बाबांच्या जुन्या ॲम्पचा (गाण्याचा सिग्नल स्पीकर वाजवण्याएवढा मोठा करणारा ॲम्प्लिफायर) डावा चॅनल अधूनमधून गायब व्हायला लागला, व्हॉल्यूम एकदा जोरात वाढवून परत खाली आणला की यायचा, आणि असं वर्षभर चालवून घेतल्यावर मी ठरवलं की आता नवीन घ्यायचा आणि घ्यायचाच तर नीट अभ्यास करून घ्यायचा. अभ्यास म्हणजे काय, तर रात्री जागून लोकांची मतं वाचायची. ॲम्पचे आतल्या कामाच्या पद्धतीवरून प्रकार पडतात, त्यांना क्लास म्हणतात, आणि पंधरा दिवसांत माझ्या डोक्यात पक्कं बसलं की क्लास ए म्हणजे गोड आणि भरीव, एबी म्हणजे तडजोड, आणि क्लास डी म्हणजे ताकद भरपूर पण आवाज थंड. (आता वाटतं की डीचा आवाज थंड म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी डब्याला हात लावून मत बनवलं असणार.)

नशीब एवढंच की लगेच काही घेतलं नाही. आधी मागून आणून ऐकूया म्हटलं आणि तिन्ही प्रकार घरात गोळा झाले. बाबांचा ६० वॅटचा एबी होताच. क्लास ए मित्राचा, त्याने स्वतः सोल्डर केलेला, जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जो १० वॅटचा सर्किट दिला होता तोच. इतक्या वर्षांनी अजून लोक तो बनवतात, कारण चार ट्रान्झिस्टरमध्ये काम होतं. आणि डी म्हणजे माझ्या भाच्याचा एक तळहाताएवढा बोर्ड, पत्र्याच्या डबीत घातलेला. माझे स्पीकर छोटे, टू-वे (खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे भोंगे), मागे ८ ओहम लिहिलेले (करंटला होणारा विरोध), सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल.

पहिले तीन आठवडे मी नुसती वायरी बदलून ऐकत होते आणि वहीत लिहीत होते. ती वही आता उघडली की लाज वाटते. ‘ए: गाण्याला अंग आहे.’ ‘एबी: हळू आवाजात कोरडा, पियानोचा सूर विरताना कुठेतरी खरबरीत.’ ‘डी: तानपुऱ्याची जवारी टोचते.’ गंमत म्हणजे यातली दोन निरीक्षणं खरी निघाली, फक्त कारणं मी लावली होती ती नाहीत.

क्लास म्हणजे नक्की काय हे मला तोपर्यंत अर्धवटच कळलं होतं, ते मी दोन माणसांच्या करवतीवरून लक्षात ठेवलंय. ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरची जोडी असते, एक स्पीकरला इकडे ओढतो, एक तिकडे. क्लास बीमध्ये एकाने ओढायचं आणि हात सोडून द्यायचा, मग दुसऱ्याने धरायचं. यात कष्ट कमी, थिअरीप्रमाणे जास्तीत जास्त ७८.५ टक्के कार्यक्षमता मिळते, पण पाळी बदलताना क्षणभर करवत कोणाच्याच हातात नसते आणि तिथे सूर मोडतो. त्यालाच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. क्लास एमध्ये दोघेही कायम करवत धरून असतात, सोडतच नाहीत, त्यामुळे मोडायचा प्रश्न नाही, पण दोघेही सदैव घामाघूम. एबीमध्ये पाळी बदलताना तेवढ्यापुरते दोघे धरतात. डीमध्ये करवतच नाही. तिथे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा, आणि चालू राहण्याचा वेळ कमीजास्त करून सिग्नल बनतो, मग एक कॉइल आणि कपॅसिटर ती सगळी टकटक गाळून स्पीकरला नुसतं गाणं देतात. डी म्हणजे डिजिटल नाही बरं का, ए बी सी नंतर डी आलं म्हणून डी. जी आणि एच ही पण नावं दिसतील, ते मुळात एबीच, फक्त सप्लायचा व्होल्टेज गरजेप्रमाणे बदलतात. आणि टी असा काही क्लासच नाही, ते ट्रायपाथ कंपनीने आपल्या क्लास डी चिपना दिलेलं विकायचं नाव.

तर चॅनल जातोय म्हणून आमच्या ओळखीच्या, आयुष्यभर रेडिओ-ॲम्प दुरुस्त केलेल्या एका काकांना घरी बोलावलं. त्यांनी झाकण काढायच्या आधीच सांगितलं की स्पीकरच्या रिलेचे (ॲम्पला स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच) कॉन्टॅक्ट काळे पडले असणार, आवाज वाढवला की जास्त करंट जातो आणि तेवढ्यापुरता तो मळ फोडून निघतो. तसंच निघालं. दहा मिनिटांत साफ करून झाले. मग मी हळूच मित्राच्या ॲम्पकडे बोट केलं.

‘काका, हा बघा ना, गाणं लावलेलं नसलं तरी चटका बसतो. काही बिघडलंय का याच्यात?’

‘अगं तापणारच. क्लास ए आहे ना तो? गाणं मोठ्याने लाव, जरा निवेल.’

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरं आहे! क्लास ए सप्लायकडून कायम तेवढीच पॉवर खेचतो, स्पीकरला काही दिलं तर तेवढी उष्णता कमी होते, काहीच दिलं नाही तर सगळी हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर. अर्थात घरातल्या आवाजाला स्पीकरला जातं ते इतकं थोडं की निवलेलं हाताला कळत नाही. नंतर प्लगमध्ये लावायच्या मीटरवर मोजलं तर तो शांत बसलेला असताना ७८ वॅट आणि गाताना पण ७८. बाबांचा २४, भाच्याचा ६. रोज चार तास धरले तर वर्षाला क्लास ए ११४ युनिट, एबी ३५ आणि डी नऊच्या आत. हा आकडा मी बाजूला लिहून ठेवला, तेव्हा तो मला किरकोळ वाटला होता.

मग काकांनी बाबांच्या ॲम्पला प्रोब लावले. आत आउटपुट ट्रान्झिस्टरला लागून पांढरे चौकोनी रेझिस्टर असतात, आमच्यात ०.२२ ओहमचे, त्याच्या दोन टोकांमध्ये किती मिलीव्होल्ट येतात त्यावरून बायस कळतो, म्हणजे दोघे किती वेळ करवत धरून आहेत ते. उजव्या चॅनलला १८ आले. डाव्याला ३. काका म्हणाले, ‘हा तर जवळजवळ क्लास बी झालाय, आणि तू याला एबी म्हणून ऐकत होतीस.’ बायस जुळवायचा एक छोटा प्रीसेट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) होता, त्याचा आतला ट्रॅक धुळीने खराब झालेला. तो बदलला, ॲम्प अर्धा तास तापू दिला, आणि मग दोन्ही बाजू २५च्या आसपास आणून ठेवल्या. मी म्हटलं अजून वाढवा ना, जेवढं एच्या जवळ जाईल तेवढं चांगलं, तर ते मान हलवून नाही म्हणाले. साधारण २६ मिलीव्होल्टला दोघांचं हस्तांतर सगळ्यात सपाट होतं, त्याच्या पुढे नेलं तर मधल्या पट्ट्यात दोघे मिळून जास्त जोर लावतात आणि बाहेर गेल्यावर एकटाच उरतो, म्हणजे तिथे वेगळीच पायरी तयार होते. एबीत बायस वाढवला की आवाज सुधारतोच असं नाही हे मला त्या दिवशी कळलं, तोपर्यंत मी उलटंच वाचलेलं होतं.

काका गेल्यावर मी तोच पियानो हळू आवाजात लावला आणि तो विरतानाचा खरबरीतपणा गेलेला होता. क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन हळू आवाजातच जास्त जाणवतं, कारण मोडणारी जागा तेवढीच राहते आणि सूर लहान होतो. म्हणजे मी तीन आठवडे ‘एबी क्लास कोरडा वाजतो’ असं जे वहीत लिहीत होते तो एबी क्लास नव्हताच, एका प्रीसेटमधली धूळ होती.

इथून मला संशय यायला लागला की बाकीचं पण तपासलं पाहिजे. मल्टिमीटर होताच. स्पीकरच्या टर्मिनलवर लावला, २०० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवला (साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतात, म्हणून खालचा टोन), आणि मी कानाने ‘अगदी सारखा’ म्हणून जो व्हॉल्यूम लावत होते तो प्रत्येक ॲम्पवर मोजला. बाबांच्यावर २.०० व्होल्ट. मित्राच्या क्लास एवर २.२२. म्हणजे ए जवळजवळ ०.९ डेसिबल मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला मोठा म्हणून कळत नाही, तो गोड म्हणून कळतो, भरीव म्हणून कळतो, ‘अंग आहे’ म्हणून कळतो. दोन्ही ०.१ डेसिबलच्या आत आणायचे तर दोन व्होल्टला जेमतेम २३ मिलीव्होल्टचा फरक चालतो, कानाने हे जमणं शक्यच नाही. ज्यांनी ज्यांनी दोन ॲम्प दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या व्हॉल्यूमवर ऐकून निकाल दिलेत त्या सगळ्यांवरचा माझा विश्वास त्या संध्याकाळी उडाला, मी धरून.

आता खरी परीक्षा घ्यायची म्हणजे पटकन बदलता आलं पाहिजे. मित्राकडे एक स्विचबॉक्स होता, दोन ॲम्प आत, एक स्पीकरची जोडी बाहेर. तो जोडला, आधी बाबांचा आणि भाच्याचा डी असे लावले, डीचा स्विच ऑन केला तर क्षणात लाल दिवा आणि सगळं शांत. परत केलं, परत लाल. भाचा माझ्याकडे असा बघायला लागला की मावशीने माझा ॲम्प मारला. झालं असं होतं की त्या बॉक्समध्ये सगळ्या काळ्या वायरी आत एकत्र जोडलेल्या होत्या. नेहमीच्या एबीत काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंडच असतं त्यामुळे चालून जातं, पण छोटे डी बोर्ड बहुतेक ब्रिज असतात, त्यांची लाल आणि काळी दोन्ही टोकं जिवंत असतात, काळ्यावर पण अर्धा सप्लाय व्होल्टेज असतो आणि ते पण स्विच होत असतं. ते मी दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला नेऊन टेकवलं होतं. चिपमधल्या प्रोटेक्शनने वाचवलं, नाहीतर भाच्याला नवीन घेऊन द्यावा लागला असता. मग चारही वायरी तोडणारा, म्हणजे दोन्ही बाजूंची लाल-काळी सगळी बदलणारा स्विच लावला. हे कोणी करणार असेल तर एवढं एक मात्र नक्की बघा.

परीक्षा अशी: मी स्पीकरकडे तोंड करून, अडीच मीटरवर. भाचा माझ्या मागे स्विच घेऊन. प्रत्येक वेळी तो आधी ‘एक’, मग ‘दोन’ वाजवून दाखवणार, मग नाणं उडवून दोघांतला एक लावणार आणि मी ओळखायचं. असं सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने ते व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या खाली असते, म्हणून बारा ही रेघ आखली.

ए विरुद्ध एबी. सोळापैकी नऊ. आणि हे नऊ म्हणजे मी अगदी खात्रीने, मान डोलावत, ‘हा बघ हा ए, ऐक कसा मोकळा वाजतोय’ असं म्हणत दिलेले नऊ. भाचा नंतर म्हणाला, ‘मावशी, तू चुकीच्या वेळी जास्त जोरात मान डोलावत होतीस.’ दुसऱ्या दिवशी परत केलं, सात आले. मित्राला फोन करून सांगितलं तर म्हणाला तुझ्या स्विचमध्येच दोष असेल, आणि मी तुझ्याकडे येऊन ऐकतो, पण नाण्याबिण्याच्या भानगडीत पडणार नाही. तो आला, त्याने ऐकलं, त्याला फरक कळला, कारण कुठला वाजतोय ते त्याला दिसत होतं. मी वाद घातला नाही, ॲम्प त्याचाच होता.

एकच जागा अशी होती जिथे ए लगेच ओळखू यायचा, पण ती परीक्षेच्या आवाजात नाही. व्हॉल्यूम चांगला वर नेऊन तबला लावला की बायाँच्या थापेला तो फाटायचा. हिशोब सोपा आहे. ऐकताना सरासरी पॉवर एखाद्या वॅटचा दहावा भाग वगैरे असते, पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये क्षणभराची टोकं त्याच्या २० डेसिबल वर जातात, म्हणजे शंभरपट, म्हणजे १० वॅट झाले, आणि त्याच्याकडे आहेतच १०. आवाज ३ डेसिबल वाढवायचा म्हणजे पॉवर दुप्पट लागते. ‘क्लास एचा एक वॅट म्हणजे बाकीच्यांचे पाच’ असं म्हणतात ते मला पटत नाही, वॅट तो वॅट. ज्यांचे स्पीकर ९५-१०० डेसिबलचे आहेत त्यांना हे १० वॅट डोक्यावरून पाणी, माझ्या ८७ वाल्यांना काठावर.

मग डी विरुद्ध एबी. सोळापैकी तेरा! आणि यावेळी मी मान डोलावत नव्हते, सरळ कळत होतं, तानपुरा आणि झांजा लागल्या की डी वरच्या सुरांना जरा जास्त चकचकीत. म्हणजे वहीतलं तिसरं निरीक्षण खरं होतं. मला वाटलं बघा, शेवटी डीचा आवाज वेगळा असतोच. पण प्रीसेट प्रकरणानंतर स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता म्हणून मित्राचं साउंड कार्ड आणून, मध्ये रेझिस्टर टाकून, डीच्या दोन टोकांमधला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या सुराला तो किती जोर देतो ते, मोजलं. ८ ओहमच्या साध्या रेझिस्टरवर १५ किलोहर्ट्झला जेमतेम अर्धा डेसिबल चढ. माझा स्पीकर लावला तर १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, १५ला पावणेदोन, २०ला जवळजवळ तीन. एकच ॲम्प, एकच सेटिंग, फक्त समोरचं ओझं बदललं.

कारण त्या गाळणीत आहे. कॉइल आणि कपॅसिटरची जोडी एका ठराविक ओहमला नीट दबलेली राहते. माझ्या ट्वीटरचा (वरच्या सुरांचा छोटा भोंगा) इम्पीडन्स, म्हणजे ओहममधला विरोध, वर चढत जातो, तिकडे १४ ओहमच्या आसपास पोचतो, म्हणजे गाळणीला धरून ठेवणारं कोणी राहत नाही आणि ती वरच्या टोकाला उसळते. आणि स्वस्त बोर्डमध्ये चूक दुरुस्त करणारा फीडबॅक (बाहेर जाणारा सिग्नल परत आत आणून तपासणं) गाळणीच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे गाळणीने केलेला घोळ ॲम्पला कळतच नाही. फीडबॅक गाळणीच्या नंतर, थेट स्पीकरच्या टोकावरून घेतला की हे संपतं. ब्रुनो पुटझेस यांनी फिलिप्समध्ये असताना यूसीडी नावाचा जो सर्किट केला त्याची खुबी हीच, आणि पुढे हायपेक्स कंपनीचे ॲम्प मॉड्यूल याच वाटेने आले. क्लास डीची कल्पना तशी खूप जुनी, सिंक्लेअर कंपनीने १९६४ साली एक्स-१० नावाचा किट पण काढला होता, पण तेव्हाच्या ट्रान्झिस्टरना एवढ्या वेगाने चालू-बंद होणं झेपायचं नाही. आजच्या मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरना ते सहज झेपतं.

पडताळून बघायला म्हणून गाळणीनंतर फीडबॅक असलेला एक डी ॲम्प महिनाभरासाठी मागून आणला. माझ्या स्पीकरवर मोजला, २० किलोहर्ट्झपर्यंत रेघ सरळ. परत भाचा, परत नाणं. सोळापैकी आठ.

आता घ्यायचं काय? तर गंमत अशी की सध्या काहीच घेतलं नाही. बाबांचा एबी दुरुस्त झाला, बायस जागेवर आहे, ताकद पुरून उरते, आणि माझे कान त्याला ए पासून वेगळा करू शकले नाहीत. काका जाताना एवढं म्हणाले की सप्लायचे मोठे कपॅसिटर आता म्हातारे झालेत, काही वर्षांनी बघावं लागेल, तेव्हा जर खर्च जास्त वाटला तर मी तो गाळणीनंतर फीडबॅकवाला डी घेईन, विचार करायला लागणार नाही. दिवसभर चालू ठेवला तरी गरम होत नाही, लहान आहे, कुठेही मावतो. क्लास ए मला आवडला नाही असं नाही, पण ११४ युनिट जाळून जो फरक मला डोळे मिटल्यावर सापडत नाही तो मी घेणार नाही. मित्राचा ॲम्प त्याला परत केला, त्याने ‘कसा वाटला’ विचारलं, मी म्हटलं सुंदर सोल्डरिंग आहे, आणि ते खरंच आहे.

भाचा मात्र जाम फुगला होता. त्याचं म्हणणं, माझ्या ॲम्पला सगळ्यांसमोर नापास केलंस, आता माझ्या स्पीकरवर पण मोज. त्याचे कम्प्युटरशेजारचे छोटे ४ ओहमचे, वर जाता जाता आठ-साडेआठला पोचणारे. मोजलं. १५ किलोहर्ट्झला अर्धा डेसिबल, बास. त्याने मोबाईलवर ग्राफचा फोटो काढला, माझ्याकडचा मार्कर घेतला आणि डबीच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘मावशीच्या स्पीकरला लावू नये.’